एनसीसीचे 'सी' सर्टिफिकेट : कसे मिळते, काय कामाला येते आणि पोरांचे कुठे हुकते?

खाकी गणवेशात परेड करणारी पोरं गावोगावी दिसतात, पण एनसीसीचे सर्वात वरचे 'सी' सर्टिफिकेट सगळ्यांच्याच हाती पडत नाही. नापास होण्याआधीच हजेरी आणि कॅम्पच्या अटीवर अनेकांचे गणित चुकते.

तीन पायऱ्या
राष्ट्रीय छात्र सेना म्हणजे एनसीसी १९४८ साली सुरू झाली. 'एकता आणि अनुशासन' हे तिचे ब्रीद. शाळेत दोन वर्षे केली की 'ए' सर्टिफिकेटची परीक्षा देता येते. अकरावीपासून पुढे सिनियर विभाग. त्यात दुसऱ्या वर्षी 'बी' आणि तिसऱ्या वर्षी 'सी'. शाळेत एनसीसी नव्हती, 'ए' नाही, तरी काही अडत नाही. 'सी' साठी मात्र हातात 'बी' असावेच लागते.

अटी काय?
वर्षातल्या किमान ७५ टक्के परेडला हजेरी हवी. 'बी' साठी एक आणि 'सी' पर्यंत दोन कॅम्प झालेले लागतात. कॅम्प साधारण दहा दिवसांचा असतो. परीक्षेत ड्रिल, हत्यारांची माहिती, नकाशा वाचन असे विषय असतात, लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही.

फायदा काय?
पदवीला ५० टक्के गुण आणि 'सी' मध्ये किमान 'बी' ग्रेड असेल, तर लष्करात अधिकारी होण्यासाठी एनसीसी स्पेशल एंट्रीतून अर्ज करता येतो. यात लेखी परीक्षा नाही. अर्जांची छाननी होऊन थेट एसएसबी मुलाखतीला बोलावतात. वय १९ ते २५, अविवाहित. मुलींनाही ही संधी आहे. भरतीतही जादा गुण मिळतात, किती ते त्या त्या जाहिरातीत बघावे.

एनसीसी केली म्हणजे सैन्यात जावेच लागते, असे अजिबात नाही. तशी कुठलीही सक्ती नसते.

कुठे हुकते?
सोयाबीन काढणी, कापूस वेचणी आणि परेड एकाच वेळी येतात. घरी माणूस कमी, म्हणून पोरगं दोन-चार परेड चुकवतं. कॅम्पच्या वेळीही तेच. शेवटी हजेरी कमी भरते आणि परीक्षेला बसता येत नाही.

दुसरी चूक बारावीनंतर होते. कॉलेज बदलले की एनसीसी सुटते आणि 'बी' वरच थांबावे लागते. म्हणून प्रवेश घेतानाच तिथे एनसीसी आहे का, तिसऱ्या वर्षाला जागा मिळेल का, हे विचारून घ्यावे. जुन्या कॉलेजातले एनसीसीचे सगळे कागद सांभाळून ठेवावेत.

पालकांसाठी
नोंदणी बहुधा कॉलेज सुरू झाल्यावर लगेच होते, जागा मोजक्याच असतात. पहिल्या आठवड्यातच कॉलेजच्या एनसीसी अधिकाऱ्यांना भेटावे. कॅम्पच्या तारखा कळल्या की त्या दहा दिवसांसाठी शेतात मजूर आधीच सांगून ठेवावा. दहा दिवसांची मजुरी जाईल, पण पोराची तीन वर्षे वाया जाणार नाहीत.