ऑफ-रोडिंगसाठी टायरमधली हवा किती कमी करायची? पीएसआयचं सोपं गणित

ठाकूरद्वारहून निघून भाऊच्या धक्क्यावर गाडी रो-रो बोटीत चढवली, की साधारण तासाभरात मांडवा येतं. २०२० मध्ये ही सेवा सुरू झाल्यापासून गिरगावकरांना अलिबागकडच्या कच्च्या वाटा जवळ आल्या. पण डांबरी रस्त्यावर योग्य असलेली हवा मऊ वाळूत जास्त ठरते आणि गाडी रुतते.

हवा कमी केल्यावर काय होतं?

समजा, गाडी १,८०० किलोची आहे. म्हणजे प्रत्येक टायरवर सुमारे ४५० किलो भार. ३२ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलो दाब. त्यामुळे टायर जेमतेम २०० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतो. हवा १६ पीएसआयवर आणली तर ही जागा जवळपास दुप्पट होते. टायरच्या बाजूच्या भिंती कडक असल्याने आकडा थोडा बदलतो, पण तत्त्व तेच. टायरचा ठसा मुख्यतः लांबीला वाढतो, भार पसरतो आणि टायर कमी रुततो.

कुठे किती?

(रस्त्यावर ३२ पीएसआय लागणाऱ्या एसयूव्हीसाठी अंदाजे आकडे)

• खडी, कच्चा रस्ता: २५ ते २८
• चिखल: २० ते २५
• मऊ वाळू: १५ ते १८

१५ च्या खाली जाऊ नका. वळताना टायर रिमवरून निसटू शकतो.

कसं करायचं?

१. निघण्याआधी, टायर थंड असतानाच हवा मोजा. कंपनीने सांगितलेला आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर असतो.
२. डांबर संपलं, की चारही टायरमधली हवा सारखी कमी करा. वॉल्व्हची पिन दाबून हवा सोडा आणि मध्ये मध्ये गेजने मोजा.
३. वेग ३० किमीच्या आसपास ठेवा. अचानक ब्रेक किंवा झटक्यात वळण नको.
४. चाक जागच्या जागी फिरायला लागलं तर ॲक्सिलरेटर सोडा. दाबत राहिलात तर गाडी आणखी खोल जाते.

हवा परत भरणं का महत्त्वाचं?

बरेच जण इथेच चुकतात. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेरीत जास्त दबतो आणि उलगडतो, त्यातून आत उष्णता साठते. तसंच हायवेवर ८०च्या वेगाने निघालात तर टायर फुटू शकतो. म्हणून गाडीत १२ व्होल्टचा छोटा कंप्रेसर हवाच. हवा भरायची सोय सोबत नसेल तर हवा काढूच नका. पुढचा पंप किती लांब असेल, सांगता येत नाही.

मोबाइलचा उपयोग होतो का?

होतो. वॉल्व्हवर बसणारे ब्लूटूथ सेन्सर लावले, की ॲपमध्ये चारही टायरचा दाब दिसतो. फक्त फोनच्या भरवशावर राहू नका, साधं हातातलं गेजही जवळ ठेवा. गाडीत टीपीएमएस असेल तर हवा काढल्यावर इशाऱ्याचा दिवा लागेल. तो बिघाड नाही. पण हवा भरल्यावरही दिवा गेला नाही, तर टायर पुन्हा तपासा.

समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेऊ नका. कोकणात अनेक किनाऱ्यांवर त्याला बंदी आहे, तिथे गुन्हाही दाखल होऊ शकतो. शिवाय वेळास, आंजर्ले इथे कासवं वाळूत अंडी घालतात. आणि भरतीचं पाणी आलं, की टायरमध्ये हवा किती आहे याने काहीच फरक पडत नाही.