कराची ते जुहू : किती अंतर, किती वेळ?

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करूया. कराचीहून मुंबई विमानाने किती लांब? नकाशावर सरळ रेघ ओढली तर साधारण ८७५ किलोमीटर. मुंबईहून दिल्ली याहून लांब आहे! अंतराचा प्रश्न इथेच मिटतो. वेळाचा मात्र मिटत नाही, आणि आपल्याला बोलायचंय ते त्याबद्दल.

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी साडेसहाच्या सुमारास जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून एकटेच निघाले. विमान एका इंजिनाचं, पस मॉथ. लंडनहून इंपीरियल एअरवेजने कराचीपर्यंत आलेलं टपाल त्यात होतं, साधारण २५ किलो. सोबत रेडिओ नाही. वाटेत अहमदाबादला उतरायचं, कारण पेट्रोल भरायचं होतं, आणि ते पेट्रोल धावपट्टीपर्यंत आलं बैलगाडीतून! या वळणामुळे ८७५ चे हजारावर किलोमीटर झाले. दुपारी दोनच्या आत ते जुहूला उतरले. म्हणजे सव्वासात तासांच्या आसपास. पुढे नेव्हिल व्हिन्टसेंट यांनी तेच टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. जुहूचं मैदान पावसाळ्यात चिखलात जायचं, म्हणून त्या महिन्यांत विमानं पुण्याला उतरवावी लागत.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. हा प्रवास परदेशचा नव्हता, एका प्रांतातलाच होता. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. कराचीतली नामवंत शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. म्हणजे ही दोन शहरं एकमेकांना परकी नव्हती.

मग फाळणी झाली. तरी विमानं लगेच थांबली नाहीत. १९७१ साली हवाई संबंध तुटले, ते १९७६ मध्ये पुन्हा जुळले. त्यामुळेच १९८२ मध्ये, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, ७८ वर्षांचे जेआरडी लेपर्ड मॉथ घेऊन कराचीहून पुन्हा मुंबईला येऊ शकले. त्या वयात, तशा विमानातून! आपल्यापैकी कितीजण तयार होतील, सांगा.

आज थेट विमान नाही. एप्रिल २०२५ मध्ये तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाशच बंद केलं. मग कराचीच्या माणसाला मुंबईला यायचं असेल तर? व्हिसा मिळाला असं धरू, खरी अडचण तीच असते. तर आधी पश्चिमेला दुबई, मग तिथून उलट पूर्वेला मुंबई. एकूण तीन हजार किलोमीटरच्या वर, म्हणजे सरळ रेघेच्या साडेतीनपट. हवेत पाचेक तास, दुबईतलं थांबणं वेगळं. जेट विमान थेट आलं असतं तर दीड-पावणेदोन तास पुरले असते. दुबईत दोन-अडीच तास जरी गेले, तरी हिशेब सात-साडेसात तासांवर येतो. पस मॉथला लागले होते तेवढेच.