कुबडा म्हातारा आणि त्याचा कंदील

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

टॅरोच्या कॅटात नवव्या क्रमांकावर एक म्हातारा असतो. पांढरी दाढी, अंगात पायघोळ कफनी, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात कंदील. पत्त्यावर त्याचं नाव लिहिलेलं असतं ‘हर्मिट’, म्हणजे एकांतात राहणारा बैरागी. पुण्या-मुंबईत टॅरो सांगणारे आता पुष्कळ झाले आहेत. त्यांच्यासमोर हा पत्ता निघाला की ‘तुम्हाला एकांताची गरज आहे, आतला प्रकाश शोधा’ असं काहीसं ऐकायला मिळतं. भविष्य खरं की खोटं, या वादात मला पडायचं नाही. आमच्या घरी भविष्य बघणं वर्ज्यच होतं, पण चित्रं बघायला कुणी मनाई केली नव्हती. मला कुतूहल आहे ते या म्हाताऱ्याचं. कारण त्याच्या हातात मुळात कंदील नव्हताच.

पंधराव्या शतकाच्या मध्यावर इटलीतल्या मिलानच्या दरबारासाठी पत्त्यांचा एक राजेशाही कॅट रंगवला गेला. विस्कोंती आणि स्फोर्झा या दोन घराण्यांच्या नावानं तो ओळखला जातो. चित्रकार बहुधा बोनिफाचो बेंबो. ७८ पैकी ७४ पत्ते आज शिल्लक आहेत आणि ते न्यूयॉर्कचं मॉर्गन ग्रंथालय, बेर्गामोची कारारा अकादमी आणि एक खासगी घराणं यांच्यात विभागलेले आहेत. सोनेरी वर्खावर काढलेली ही चित्रं बोटांनी पिसायची छातीच होऊ नये, इतकी देखणी. त्यातला आपला म्हातारा बैरागी दिसत नाही. उंची निळा झगा, डोक्यावर मोठी टोपी, हातात काठी. एखादा श्रीमंत आजोबाच. आणि दुसऱ्या हातात आहे वाळूचं घड्याळ. त्याची नजर त्या घड्याळावर आहे.

हा योगायोग नाही. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्याच शतकातले सतरा पत्ते आहेत. फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स याच्यासाठी ते १३९२ मध्ये रंगवले, असं पूर्वी मानत. आता ते इटालियन आणि पंधराव्या शतकातले ठरले आहेत. त्यातल्या म्हाताऱ्याच्या हातीही वाळूचंच घड्याळ आहे. जुन्या इटालियन याद्यांत त्याचं नावही बैरागी नाही. कुठे ‘इल व्हेक्यो’ म्हणजे म्हातारा, कुठे ‘इल गोब्बो’ म्हणजे कुबडा. हा माणूस म्हणजे काळ. वाळू सरते आहे, पाठ वाकते आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो समजायला कुणा जाणकाराकडे जावं लागत नव्हतं.

तो काळच होता याचा आणखी पुरावा कवितेकडून येतो. चौदाव्या शतकात पेत्रार्कनं ‘त्रिओन्फी’, म्हणजे ‘विजययात्रा’ नावाचं दीर्घकाव्य लिहिलं. प्रेमाला शील जिंकतं, शीलाला मृत्यू, मृत्यूला कीर्ती, कीर्तीला काळ आणि काळाला अनंतता. या काव्याच्या सचित्र प्रतींत काळ म्हणजे कुबड्यांवर रेललेला, पंख असलेला म्हातारा, आणि त्याचा रथ ओढणारी हरणं. फ्लॉरेन्समध्ये ‘मिन्क्याते’ नावाचा ९७ पत्त्यांचा मोठा खेळ होता. त्यातला म्हातारा कुबड्यांवर उभा आहे आणि त्याच्या मागं हरीण बसलेलं आहे. रथ गेला, हरीण राहिलं! बोलोन्याच्या पत्त्यांत तर त्याला पंखही आहेत. टॅरोतल्या या खास पत्त्यांना तेव्हा ‘त्रिओन्फी’च म्हणत, इंग्रजीतला ‘ट्रंप’ त्यातूनच आला. आपण ज्याला हुकूम म्हणतो तो. टॅरो हा साधा हात करण्याचा खेळ होता आणि ही चित्रं म्हणजे त्यातले कायमचे हुकूम. भविष्य सांगण्याशी त्यांचा त्या वेळी काही संबंध नव्हता.

मग कंदील आला कुठून? इथे आपल्याला राजवाडा सोडून छापखान्यात जावं लागतं. सोन्याचे पत्ते दरबारापुरते. बाजारातले पत्ते लाकडी ठशांवरून छापत, वर साच्यातून रंग भरत. ठसा झिजला की कारागीर जुन्या पत्त्यावरून नवा कोरणार. उंच धरलेल्या हातात एक लाकडी चौकट, तिला उभे दांडे आणि मध्ये काच. हे घड्याळ म्हणायचं की कंदील? एखाद्या कारागिराला तो कंदील वाटला असणार, असा अभ्यासकांचा तर्क आहे आणि मला तो पटतो. सतराव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसच्या जाँ नोब्ले यानं छापलेल्या पत्त्यांत कंदील पक्का झालेला दिसतो. नावही बदलून ‘लेर्मीत’, बैरागी, झालेलं आहे. हातात कंदील आणि काठी घेतलेला म्हातारा वाटेवरचा साधूच असणार, नाही का? १७६० मध्ये मार्सेच्या निकोला कोन्व्हेरनं काढलेल्या प्रसिद्ध कॅटातही तोच आहे.

अशी चूक पत्त्यांच्या इतिहासात पहिली नाही. पत्ते युरोपात पोचले ते चौदाव्या शतकात, मुस्लिम जगातून. १३७७ मध्ये फ्लॉरेन्सनं पत्त्यांच्या खेळाविरुद्ध फर्मान काढलं तेव्हा त्या नव्या खेळाचं नाव होतं ‘नाइब्बे’. ते अरबी ‘नायब’वरून आलं, आपल्या नायब तहसीलदारातला नायब तोच. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या काळातल्या पत्त्यांचा एक कॅट सापडला आहे. त्यात पेले आहेत, नाणी आहेत, तलवारी आहेत आणि पोलो खेळायच्या काठ्या आहेत. युरोपात पोलो कुणाला ठाऊक नव्हता. म्हणून त्या काठ्यांचे झाले सोटे! मामलुक पत्त्यांत माणसाचं चित्र एकही नाही. राजा आणि नायब यांची नुसती नावं, सुंदर नक्षी आणि वरच्या पट्टीत सुविचारवजा ओळी. म्हातारा, मृत्यू, भाग्यचक्र ही मंडळी इटलीत येऊन मिळाली, साधारण १४४० च्या सुमारास. हेच पत्ते पूर्वेकडे आले ते इराणी गंजिफा होऊन, आणि आपल्या सावंतवाडीत त्यांच्यावर दशावतार बसले. पण तो वेगळा विषय.

आता गंमत अशी की १७८१ मध्ये पॅरिसच्या आंत्वान कूर द जेब्लँ या विद्वान गृहस्थांनी जाहीर केलं, की टॅरो हा प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचा गुप्त ग्रंथ आहे. इजिप्तची लिपी तेव्हा कुणालाच वाचता येत नव्हती; शांपोल्यॉनला ती उलगडली १८२२ मध्ये. ती वाचता आल्यावर टॅरोचा मागमूस कुठे लागला नाही, पण तोवर कल्पना रुजली होती. इजिप्तचा संबंध होता, पण तो फॅरोंचा नव्हे, मामलुकांचा. एका मुसलमान सुलतानाच्या प्रजेचा करमणुकीचा खेळ हे मूळ कुणाला तेवढं भारदस्त वाटलं नसतं, अशी शंका मला येते. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० मध्ये जाडजूड ग्रंथ लिहून हा सगळा खेळाचा इतिहास मांडला. टॅरोच्या दुकानांत मात्र अजून पिरॅमिडच दिसतात.

जेब्लँना या म्हाताऱ्यात सत्य शोधणारा ज्ञानी दिसला. त्यांना आठवला तो भर दुपारी दिवा घेऊन माणूस शोधणारा ग्रीक डायोजिनीस. (मौलाना रूमींच्या एका गझलेतही दिवा घेऊन शहरभर माणूस शोधत फिरणारा शेख आहे, तेव्हा ही कथा आमच्याकडेही जुनी.) म्हणजे ठशातल्या चुकीला आता तत्त्वज्ञान मिळालं. पण त्याच पॅरिसमध्ये एत्तेया या टोपणनावानं भविष्य सांगणाऱ्या गृहस्थानं आपला स्वतंत्र कॅट काढला, आणि त्यात कंदीलवाल्या साधूचा अर्थ लावला कपटी, विश्वासघातकी! कफनीखाली काय दडलंय याची त्याला खात्री नसावी. एकाच कंदिलात एकाला ज्ञान दिसलं, दुसऱ्याला ढोंग.

आज जो म्हातारा जगभर ओळखीचा आहे, तो डिसेंबर १९०९ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. कल्पना आर्थर वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. बर्फाळ माथ्यावर करडी कफनी घातलेला म्हातारा एकटा उभा, मान खाली. मार्सेच्या कॅटातला म्हातारा जणू वाट शोधत चालतो आहे. हा थांबलेला आहे, पोचलेला आहे. जुन्या परंपरेत कंदील कफनीआड थोडा झाकलेला मानत. वेट यांनी मुद्दाम तो उघडा ठेवला. आत ज्योत नाही, सहा कोनांचा तारा आहे. म्हणजे दिवा आता स्वतःसाठी नाही, खालून चढणाऱ्यांसाठी आहे. चित्र म्हणून मला हा पत्ता फार आवडतो. इतकी मोकळी जागा सोडायला धैर्य लागतं. मात्र कॅटाला नाव पडलं ते प्रकाशक रायडर आणि वेट यांचं. बाईंना एवढ्या कामाचे पैसे थोडेच मिळाले, तसं त्यांनी त्याच वर्षी एका पत्रात लिहिलंही. १९५१ मध्ये त्या वारल्या त्या कर्जात. पत्त्याच्या कोपऱ्यातली त्यांची वेलांटीदार सही तेवढी जगभर फिरते आहे.

पुढे अॅलिस्टर क्राउली यांच्या सांगण्यावरून लेडी फ्रीडा हॅरिस यांनी १९३८ ते १९४३ या काळात काढलेल्या पत्त्यांत म्हातारा लाल झग्यात वाकलेला आहे. कंदिलात सूर्य, शेजारी सापानं वेढलेलं अंडं, मागं तीन डोक्यांचा कुत्रा, भोवती गव्हाची कणसं. मला ती गर्दी पेलत नाही. स्मिथबाईंचा म्हातारा मात्र १९७१ मध्ये लेड झेपेलिन या वाद्यवृंदाच्या चौथ्या रेकॉर्डच्या आतल्या वेष्टनावर चढला आणि टॅरो हातीही न धरलेल्या पोरांच्या भिंतींवर जाऊन बसला.

या सगळ्यात हरवलं ते वाळूचं घड्याळ. कंदील हातात आला आणि म्हातारा ज्ञानी झाला, गुरू झाला, लोकांना हवासा झाला. त्याआधी तो नुसता म्हातारा होता. घरातल्या म्हाताऱ्याकडे बघायला आपल्याला जड जातं. डोंगरावरच्या गुरूकडे बघायला जड जात नाही. पन्नाशी ओलांडल्यावर मला तरी मिलानचा तो निळ्या झग्यातला आजोबा अधिक जवळचा वाटतो. तो कुणाला वाट दाखवत नाही. किती वाळू उरली, ते बघतो.

बोलोन्या शहरात हे पत्ते अजून खेळायला वापरतात. तिथे म्हाताऱ्याचा अर्थ कुणी विचारत नाही, तो कुणाला मारतो एवढंच बघतात. हुकुमांच्या चढत्या क्रमात भाग्यचक्राला म्हातारा मारतो, म्हाताऱ्याला उलटा टांगलेला फितूर मारतो, आणि फितुराला मृत्यू.