न पोचलेली पत्रे

गतवर्षीची गोष्ट. एका स्नेही संपादकांनी दिवाळी अंकासाठी कथा मागितली. मी ती लिहिली, टंकून घेतली आणि ईमेलने धाडून दिली. उत्तर आले नाही. मग आठवणीची दोन पत्रे पाठविली, त्यांचेही तेच. कथा पसंत पडली नाही आणि तसे कळविण्याचे सौजन्यही उरले नाही, अशी मी मनाची समजूत करून घेतली. तिकडे संपादकांना वाटले, मास्तरांना आमच्या लहानशा अंकात लिहिणे आता कमीपणाचे वाटू लागले. वीस वर्षांचा स्नेह, पण दहा महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. अखेर एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसण्याचा प्रसंग आला, तेव्हा उलगडा झाला. माझी तिन्ही पत्रे त्यांच्यापर्यंत गेलीच नव्हती. नकोशा पत्रांचा जो वेगळा कप्पा असतो, त्यातही ती नव्हती. वाटेत कोणत्याशा गाळणीने ती अडविली होती. ना मला कळविले, ना त्यांना.

पत्र अडविले जाते, हे दुःख जुनेच आहे. पण अडविल्याचे कळू न देणे, हा त्यातला खरा विषारी भाग. त्याचा इतिहास शोधू लागलो, तो वाट आमच्या नाशकातल्या तिळभांडेश्वराच्या गल्लीतून थेट लंडनला जाऊन पोचली.

या गल्लीत सावरकर बंधूंचे बिऱ्हाड होते. विनायकराव १९०६ साली विलायतेस गेले आणि तेथे त्यांनी इटलीच्या जोसेफ मॅझिनीचे चरित्र मराठीत सिद्ध केले. ते हस्तलिखित नाशकास आले आणि १९०७ साली थोरले बंधू बाबाराव यांनी ते प्रसिद्ध केले. पुढे सरकारने ते जप्त केले. मॅझिनीचे नाव महाराष्ट्रात घरोघर झाले ते या पुस्तकाने. पण याच मॅझिनीची पत्रे लंडनच्या टपालकचेरीत चोरून फोडली जात होती, हे त्या घरोघरच्या वाचकांपैकी किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

साल १८४४. मॅझिनी देशोधडीला लागून लंडनमध्ये राहत होता. आपल्या पत्रांवरचे शिक्के जरा विचित्र दिसतात, असा त्याला संशय आला. मग त्याने मोठी साधी युक्ती केली. पाकिटात बारीक दाणे, वाळूचे कण, केस घालून मित्रांकरवी पत्रे टपालात टाकली. पत्र हाती पडे, मोहोर शाबूत असे, पण आतले कण नाहीसे झालेले असत. पुरावा मिळाला. १४ जून १८४४ रोजी टॉमस डन्कोंब या सभासदाने त्याची तक्रार पार्लमेंटात मांडली आणि एकच गहजब उडाला. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांनीच वॉरंट काढले होते आणि पत्रांतून निघालेली माहिती ऑस्ट्रियाच्या सरकारला पुरविली गेली होती. कार्लाइलने ‘टाइम्स’ला पत्र लिहून हा प्रकार खिसेकापूंच्या पंगतीला नेऊन बसविला. लोक पाकिटांवर ग्रॅहॅमच्या नावाने टोमणे लिहू लागले, ‘पंच’ने तर त्याच्या थट्टेची पाकिटेच काढली. त्याच जुलैच्या २५ तारखेस कोसेंझा येथे बांदिएरा बंधूंना साथीदारांसह गोळ्या घालण्यात आल्या. त्या बंधूंचा मॅझिनीशी पत्रव्यवहार होता. फोडलेल्या पत्रांमुळेच ते पकडले गेले की काय, याविषयी तेव्हापासून वाद आहे. चौकशी समितीने सरकारला दोषमुक्त केले. लोकांनी मात्र केले नाही.

इंग्रजांनी स्वतःच्या देशात या प्रकाराची लाज मानली. येथे मात्र त्याचा कायदाच केला. १८९७ च्या जूनमध्ये पुण्यास रँडवर गोळी झाडली गेली. पुढल्याच वर्षी टपालाचा कायदा आला. त्याचे २६ वे कलम मुद्दाम वाचून पाहण्यासारखे आहे. सार्वजनिक आणीबाणी असेल, किंवा सार्वजनिक सुरक्षितता वा शांतता यांसाठी हवे असेल, तर लेखी हुकुमाने वाटेल ते टपाल अडवावे. आणीबाणी खरोखरच आहे काय, अशी शंका कोणास आली, तर सरकारचे प्रमाणपत्र हाच निर्णायक पुरावा! ज्याचे पत्र अडविले त्याला कळवावे, असे मात्र तेथे नव्हते. १८७८ चा समुद्री जकातीचा कायदा हाताशी होताच. त्याच्या आधाराने श्यामजी कृष्णवर्म्यांच्या ‘इंडियन सोशिऑलॉजिस्ट’ला १९०७ साली हिंदुस्थानची दारे बंद झाली, आणि सावरकरांच्या १८५७ वरील ग्रंथाला तर तो प्रसिद्ध होण्यापूर्वीच. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांची पत्रे वाचण्यासाठी स्वतंत्र कचेरी होती. शिपायांना ते ठाऊक असल्याने ते मिरीच्या दाण्यांच्या भाषेत लिहीत: काळी मिरी म्हणजे आपले लोक, लाल मिरी म्हणजे गोरे. त्या परीक्षकाचा जुलूम होता खरा, पण उघड होता. दुसऱ्या महायुद्धात तर फोडलेल्या पाकिटावर तसे सांगणारी चिठ्ठी चिकटवीत. त्या चिठ्ठीलाही मी आता सौजन्य म्हणू लागलो आहे!

स्वातंत्र्यानंतरही हे कलम राहिले. १९८६ साली ते अधिक रुंद करणारे विधेयक संसदेने संमत केले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंगांनी त्यावर सहीच केली नाही. १९९० मध्ये वेंकटरामन यांनी ते परत धाडले आणि २००२ साली ते मागे घेतले गेले. १८९८ चा कायदा गेला तो २०२३ च्या नव्या टपाल कायद्याने, जो १८ जून २०२४ पासून लागू झाला. टपाल अडविण्याचा अधिकार त्याच्या नवव्या कलमात आहेच.

तथापि माझी कथा कोणत्याही सरकारने अडविली नव्हती. माझ्या कथेत एक शिक्षक, एक म्हातारी आणि एक शेळी होती. शांतताभंग करील असे त्या तिघांत कोणी नव्हते. ईमेलचे नियम १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहिले, त्यात वचन स्पष्ट आहे: ज्याने पत्र स्वीकारले, त्याने ते पोचवावे, नाहीतर न पोचल्याचे पाठविणाऱ्यास कळवावे. आमच्या पोस्टमनचाही हाच धर्म. पत्ता सापडला नाही तर शेरा मारून पत्र परत. पण पुढे जाहिरातबाजांचा आणि भामट्यांचा पूर आला. ते परतीचा पत्ता खोटा लिहीत, त्यामुळे ‘पोचले नाही’ हा निरोप भलत्याच निरपराध्याच्या दारी जाऊन पडे. २००२ साली पॉल ग्रॅहॅम या गृहस्थांनी शब्दांच्या संभाव्यतेवरून अशी पत्रे ओळखणारी गाळणी सुचविली. (पुन्हा ग्रॅहॅमच! पण या ग्रॅहॅमांनी खरे पत्र चुकून अडणे हाच मोठा धोका, असे तेव्हाच बजावले होते.) २००८ च्या सुधारित नियमांनीही पत्र गुपचूप टाकून देण्याची मुभा दिली, ती लबाडीची अगदी बळकट खात्री असेल तेव्हापुरतीच.

तेव्हा गाळणीला कारण नाही असे मी म्हणणार नाही. पूर आला की गोदावरीचे पाणीही आम्ही गाळूनच घेतो. पण तुरटी फिरविल्यावर गाळ भांड्याच्या बुडाशी दिसतो तरी. येथे काय गाळले, कोणी गाळले, कशावरून गाळले, काहीच दिसत नाही. मॅझिनीला निदान पाकीट तरी मिळत होते. त्यावर त्याला पुरावा उभारता आला. न पोचलेल्या पत्रात वाळूचे कण घालून काय उपयोग? आणि विचारावयाचे कोणाला? डन्कोंबने पार्लमेंटात मंत्र्याला उभे केले. माझ्या पत्रांना वॉरंट नव्हते, म्हणून मंत्रीही नव्हता. मग माणूस जवळच्या माणसालाच गुन्हेगार ठरवितो, जसे मी संपादकांना ठरविले.

या वर्षी त्यांनी पुन्हा कथा मागितली. मी ती कागदावर लिहून टपालाने धाडली. जुने रजिस्टर टपाल २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाले, म्हणून स्पीड पोस्टाने. पाकीट चिकटविण्यापूर्वी काय वाटले कोण जाणे, आत मोजून पाच तीळ टाकले.

चौथ्या दिवशी संपादकांचा फोन. “मास्तर, कथा पोचली. पण हे तीळ कसले?”

“किती आहेत ते मोजा,” मी म्हणालो.

थोडा वेळ कागदांची सळसळ ऐकू आली. मग ते म्हणाले, “चार.”