नगरच्या खेड्यांतील मिशनशाळा

शाळेचे मोल तिच्या इमारतीवरून करावयाचे ठरविल्यास अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील जुन्या मिशनशाळांच्या वाट्यास फारसे काही येणार नाही. एक खोली, सारवलेली जमीन, पाट्या आणि एकच शिक्षक, एवढाच बहुतेकींचा संसार. आठवडाभर तेथे पाढे घुमत. रविवारी त्याच खोलीत उपासना होई, आणि पुष्कळदा उपासना चालविणाराही तोच शिक्षक असे.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले पाद्री १८१३ साली मुंबईस आले. १८३१ मध्ये मिशनने अहमदनगरास ठाणे केले. पुढे राहुरी, वडाळे अशा गावी ठाणी झाली व त्यांच्या आसपासच्या खेड्यांत शाळा निघाल्या. मुलांना बायबल वाचता यावे, हा मिशनचा हेतू उघड होता. महार व मांग आईबापांचे लक्ष मात्र अक्षरओळखीवर आणि हिशेबावरही असे. गावच्या पंतोजीच्या शाळेत त्यांच्या मुलांना बैठक नव्हती. येथे ती मिळाली.

ही गोष्ट किती दुर्मीळ होती, हे १८५६ साली धारवाडास दिसून आले. तेथील सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. त्याला घेतल्यास इतर मुले शाळा सोडतील, या भीतीने तो नाकारण्यात आला. सरकारी शाळा सर्वांस खुल्या असाव्यात, हे तत्त्व वरून मान्य झाले. पण ते खेड्यापाड्यांत उतरण्यास फार काळ लागला.

मिशनमध्येही शाळेविषयी एकमत नव्हते. १८५४-५५ मध्ये अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानात आले. धर्मोपदेश हे मुख्य कार्य व शाळा त्यास साहाय्यक, असे त्यांचे मत होते. त्यामुळे इंग्रजी शिक्षणास कात्री लागली आणि मराठीवर भर राहिला. खेड्यातील हुशार मुलाची पुढची वाट याने अरुंद झाली, हे खरे; तथापि जो पाठ तो शिके, तो घरच्या भाषेत शिके व घरी जाऊन आईस वाचून दाखवू शके.

या शाळांना निर्दोष मानण्याचे कारण नाही. धर्मांतराची अपेक्षा शिक्षणास चिकटलेली असे, आणि जातीजातींतील अंतर बाप्तिस्म्याने एकाएकी पुसले गेले नाही. सुगी आली की बाके नसलेली ती खोली निम्मी रिकामी होई, कारण गुरे वळण्यास व पाखरे हाकण्यास घरी हात लागत.

या शाळांतून एक गोष्ट मात्र नवी घडली. कालांतराने त्यांतील पुष्कळ शिक्षक त्याच उपेक्षित वस्तीतून आले. ज्याच्या हाताची पाटी घेण्यास कोणी कचरत नाही आणि जो मुलास हातभर दूर बसवीत नाही, असा गुरू मुलांनी प्रथमच पाहिला. स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हाच मुद्दा मांडला: प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गांतून घ्यावेत, कारण त्यांना या मुलांत मोकळेपणी मिसळता येईल. आयोगापुढे आलेली ही मागणी नगरच्या काही मातीच्या खोल्यांत, लहान प्रमाणावर का होईना, व्यवहारात उतरत होती.