डिजिटल मोटर नियंत्रण : सिम्युलेशनमधील दोषशोधन

मोटर, तिला वीज पुरवणारा इन्व्हर्टर आणि मायक्रोकंट्रोलरमधला नियंत्रण-प्रोग्रॅम यांचे संगणकावरील प्रतिमान अपेक्षेप्रमाणे वागत नसेल, तर त्याचे कारण हुडकण्याचे काम. अशी प्रतिमाने सिम्युलिंकसारख्या साधनांत बांधतात. मोटरमधला विद्युतप्रवाह अखंड बदलत असतो, नियंत्रकाला मात्र तो ठरावीक क्षणांनाच दिसतो. बरेच दोष या सांध्यातच सापडतात.

इन्व्हर्टरच्या स्विचिंगची वारंवारता १० किलोहर्ट्झ असेल, तर एक आवर्तन १०० मायक्रोसेकंदांचे होते. गणनेची स्थिर पायरी १० मायक्रोसेकंदांची ठेवली, की ड्यूटी (आवर्तनात स्विच चालू राहण्याचा वाटा) १० टक्क्यांच्या उड्यांनीच बदलू शकते. प्रवाहाच्या आलेखात वेडीवाकडी लहर उमटते, नियंत्रक अस्थिर आहे असा समज होतो आणि त्याचे पीआय (प्रमाण-समाकल) गुणांक उगाच बदलले जातात. म्हणून गुणांकांना हात लावण्याआधी पायरी १ मायक्रोसेकंद करून पाहावी; लहर निवळली, तर दोष गणनेत होता.

याहून फसवे असते ते गरजेपेक्षा चांगले चालणारे प्रतिमान. प्रत्यक्षात प्रवाह मोजला जातो, हिशेब होतो आणि नवी ड्यूटी पुढच्या आवर्तनात लागू होते. त्यात पीडब्ल्यूएमचा, म्हणजे स्पंदांची रुंदी बदलून व्होल्टेज देण्याच्या पद्धतीचा, सरासरी अर्ध्या आवर्तनाचा विलंब मिळवला, की एकूण दीड आवर्तन, म्हणजे वरील उदाहरणात १५० मायक्रोसेकंद होतात. १ किलोहर्ट्झला हा विलंब ५४ अंशांचा कलाविलंब ठरतो. तो प्रतिमानात नसेल, तर पडद्यावर शांत दिसणारा प्रवाह प्रयोगशाळेत आंदोलने घेऊ लागतो. अल्जेब्रिक लूपची (एखादे मूल्य त्याच क्षणी स्वतःवरच अवलंबून असल्याची) सूचना बंद व्हावी म्हणून दिसेल तिथे एका नमुन्याचा विलंब टाकण्याची सवयही वाईटच : विलंब हार्डवेअरमध्ये जिथे आहे, तिथेच प्रतिमानात हवा.

रॉबर्ट पार्क यांनी १९२९ मध्ये मांडलेले रूपांतर आजच्या सदिश नियंत्रणाच्या मुळाशी आहे, आणि चुकांचे एक हमखास ठिकाणही. त्याला विद्युत कोन लागतो. तो यांत्रिक कोनाला ध्रुवजोड्यांच्या संख्येने गुणून मिळतो. हा गुणाकार राहिला, तर मोटर थरथरते, फिरत नाही. कोन १८० अंशांनी चुकला, तर टॉर्क उलटतो आणि वेगनियंत्रण मोटरला भलत्याच दिशेने पळवते. टॉर्कच्या सूत्रातला ३/२ हा गुणक रूपांतराच्या आयाम कायम राखणाऱ्या रूपात लागतो, शक्ती कायम राखणाऱ्या रूपात लागत नाही. सरमिसळ झाली, की टॉर्क दीडपट किंवा दोनतृतीयांश येतो. आलेखाचा आकार बिनचूक असल्याने हे सहसा नजरेतून निसटते.

फिक्स्ड-पॉइंट गणितातली चूक उशिरा कळते. १६ बिटांच्या क्यू१५ मांडणीत सर्वांत लहान पायरी १/३२७६८ असते. इंटिग्रल गुणांक आणि नमुनाकाल यांचा गुणाकार ०.००५ असेल, तर सुमारे ०.००६ हून लहान धन त्रुटीचा गुणाकार छाटला जाऊन शून्य होतो आणि स्थिर स्थितीतही फरक उरतो. उपाय सोपा आहे : इंटिग्रेटर ३२ बिटांचा ठेवणे.

शोध आतून बाहेर करावा. आधी रोटर जखडून छोटे डीसी व्होल्टेज द्यावे; रोध ०.५ ओहम आणि प्रेरकत्व २ मिलीहेन्री असेल, तर प्रवाहाने ४ मिलीसेकंदांत अंतिम मूल्याच्या ६३ टक्के गाठायला हवेत. हे जुळल्यावरच प्रवाहाची लूप बंद करावी, तीही आधी इन्व्हर्टरच्या सरासरी प्रतिमानावर आणि मग स्विचिंगसह. वेगाची लूप शेवटी. तिथे एन्कोडरचे (रोटरचा कोन मोजणाऱ्या साधनाचे) पायऱ्यांतले मोजमापही विचारात घ्यावे लागते : एका फेरीत ४००० काउंट आणि १ मिलीसेकंदाचा नमुनाकाल असेल, तर वेग मिनिटाला १५ फेऱ्यांच्या टप्प्यांनीच वाचता येतो.