विमा एजंट, १९५६ : किनवटच्या उंबरठ्यावर

आजचा धागा एका उपेक्षित पात्राविषयी आहे. राजे, सेनापती, सत्याग्रही यांच्यावर आपण पुष्कळ लिहितो. हातात प्रपोजल फॉर्म घेऊन दारात उभ्या राहणाऱ्या विमा एजंटावर मात्र कोणी लिहीत नाही. तो या धंद्यात पहिले पाऊल टाकत असेल, तर त्याच्या वाट्याला विनोदच अधिक येतात. तरीही १९५६ साली किनवटमध्ये ज्याने हे काम हाती घेतले असेल, त्याच्यापुढे राज्य, नाणे, कालगणना आणि कंपनी या चारही गोष्टी एकाच वेळी बदलत होत्या.

प्रथम दिल्ली. १९ जानेवारी १९५६ च्या संध्याकाळी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख आकाशवाणीवरून बोलले आणि देशभरातील आयुर्विमा व्यवसाय सरकारने ताब्यात घेतल्याचे त्यांनी जाहीर केले. देशी कंपन्या १५४, परदेशी १६ आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या ७५, म्हणजे एकूण २४५ संस्था. त्याच आठवड्यात मुंबई पेटली होती. मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा नुकतीच झाली होती आणि रस्त्यांवर गोळीबार चालू होता. मुंबईच्याच प्रश्नावर देशमुखांनी पुढे जुलैमध्ये मंत्रिपद सोडले. विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचे श्रेय ज्यांना जाते, ते महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव विमा महामंडळ प्रत्यक्ष सुरू झाले तेव्हा मंत्री उरले नव्हते. १ सप्टेंबर १९५६ रोजी पाच कोटी रुपयांच्या भांडवलावर आयुर्विमा महामंडळ उभे राहिले.

आता किनवट. पैनगंगेच्या काठचे, जंगलाच्या कडेचे हे गाव त्या दिवशी महाराष्ट्रात नव्हते, मुंबई राज्यात नव्हते आणि नांदेड जिल्ह्यातही नव्हते. किनवट तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होता. राज्य पुनर्रचनेनुसार १ नोव्हेंबर १९५६ रोजी किनवट तालुका, इस्लापूर सर्कल आणि राजुरा तालुका आदिलाबादमधून निघून मुंबई राज्यात आले. किनवट नांदेडला जोडले गेले, राजुराही आधी नांदेडला आणि पुढे चांद्याला. म्हणजे नवे महामंडळ आणि नवे राज्य यांत अंतर अवघ्या दोन महिन्यांचे.

अशा वेळी गोंड, कोलाम, बंजारा, मराठी आणि तेलुगू बोलणाऱ्या या मुलखात एखादा तरुण एजन्सी घेतो, असे समजू. त्याची पहिली अडचण लोकांच्या अविश्वासाची असेल असे आपल्याला वाटते. माझ्या मते ती वयाची असावी.

विम्याचा हप्ता वयावर ठरतो. गावात जन्मनोंद असलीच तर ती शाळेच्या किंवा महसुली दप्तरात, आणि निजामी दप्तर उर्दूत, फसली सनात. दप्तरात १३३५ फसली असे लिहिले आहे. माणसाचे वय किती? हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीस, आजूर महिन्यापासून चालू होई. म्हणून वर्षाच्या आरंभीचे महिने असतील तर ५९० मिळवायचे, जानेवारीनंतरचे असतील तर ५९१. १३३५ म्हणजे १९२५–२६, अर्थात माणूस तिशीचा. महिना चुकला तर वय एका वर्षाने चुके आणि हप्ताही चुके. ज्यांची नोंदच नव्हती, त्यांच्यासाठी जन्मपत्रिका. आणि पत्रिका तर ठराविक घरांतच असायची. कोलाम पाड्यावर ती कोण मांडणार?

दुसरी अडचण नाण्याची. निजामाचा हाली रुपया १९५१ नंतर निघायचा थांबला, तरी १९५९ पर्यंत तो रद्द झालेला नव्हता. सात हाली रुपयांचे सहा भारतीय रुपये. वर्षाचा हप्ता ४२ रुपये असला तर घरच्या गाठोड्यात ४९ हाली हवेत. १ एप्रिल १९५७ पासून आणे-पै जाऊन नवे पैसे आले. आठवडी बाजारात हप्ता समजावून सांगणे ही गणिताची शिकवणीच झाली असणार.

मग विश्वास. तो प्रश्न होताच, आणि त्याचे कारण खरे होते. राष्ट्रीयीकरणापूर्वीच्या दशकात २५ आयुर्विमा कंपन्या दिवाळखोरीत निघाल्या आणि आणखी २५ कंपन्यांनी पैसा इतका उधळला होता की त्यांचा व्यवसाय दुसऱ्यांच्या गळ्यात बांधावा लागला. सगळ्याच कंपन्या तशा होत्या असे नव्हे. १८७० च्या बॉम्बे म्युच्युअलने हिंदी माणसाचा विमा जादा आकार न लावता उतरवला, हे त्या काळी मोठे धाडस होते. साताऱ्यात १९१३ साली अण्णासाहेब चिरमुले यांनी काढलेली वेस्टर्न इंडिया कंपनी नाव राखून होती. मराठवाड्यात मात्र विम्याची ओळख प्रामुख्याने पगारदारांना होती. हैदराबाद संस्थानाने १९०७ पासून आपल्या नोकरांसाठी सरकारी विमा चालवला होता. तहसिलातल्या कारकुनाच्या पगारातून हप्ता कापला जाई. ज्वारी-कापसाच्या शेतकऱ्याला मात्र असे काही असते याचीच कल्पना नव्हती.

आणि महामंडळ वर्षाचे होते न होते तोच मुंदडा प्रकरण निघाले. हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांच्या समभागांत महामंडळाचा सव्वा कोटीच्या आसपास पैसा गुंतवला गेला होता. डिसेंबर १९५७ मध्ये फिरोज गांधींनी तो प्रश्न लोकसभेत उचलला, छागला आयोग बसला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावे लागले. आमच्या तरुणाने दीड वर्ष एकच वाक्य घोकले असणार, की आता पैसा सरकारच्या हाती आहे, बुडणार नाही. पॉलिसीधारकांचा पैसा बुडाला नाही हे खरे. पण वर्तमानपत्र वाचणाऱ्या गावच्या मास्तरांना त्याने काय उत्तर दिले असेल, याचा विचार मी नेहमी करतो.

त्याचे पोट कशावर चाले, हेही पाहू. तेव्हाच्या विमा कायद्याप्रमाणे नेहमीच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षी हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात आणि पुढे पाच टक्के कमिशन मिळू शके. ४२ रुपयांच्या हप्त्यावर पहिल्या वर्षी जेमतेम पंधरा रुपये, नंतर तीन, मग दोन. नव्या एजंटाची पहिली गिऱ्हाइके बहुधा भावकीतलीच: मामा, मेहुणा, शाळेतला सोबती. ते म्हणत, पहिला हप्ता तूच भर, तुला कमिशन मिळतेच की. यालाच रिबेट म्हणतात, आणि १९३८ च्या कायद्याच्या ४१ व्या कलमाने तो गुन्हा आहे. पुष्कळांनी तो केला. एजंटाने आपले पंधरा रुपये सोडायचे. दुसऱ्या वर्षी पाऊस गेला की मामांनी हप्ता भरायचा नाही, आणि पॉलिसी बंद. एजंटाच्या हाती काहीच नाही, घरच्यांशी वाईटपणा मात्र आला. शेतीच्या मुलखात विमा विकणे सोपे असेल, टिकवणे कठीण.

टिकला त्याच्यासाठी कायद्यात एक चांगली तरतूद होती. ठराविक काळ काम केलेल्या एजंटाचे पुढील हप्त्यांवरचे कमिशन त्याने काम सोडले तरी बंद होत नसे, आणि मृत्यूनंतर ते वारसांकडे जाई. दुसऱ्यांच्या मरणाची तजवीज करता करता त्याची स्वतःचीही होत गेली.

आज किनवटमधल्या दहावी झालेल्या मुलालाही एजंट होता येते. प्रशिक्षण आणि परीक्षा पार करावी लागते. फसली सन कोणी विचारत नाही, आधार कार्ड विचारतात. अभ्यासक्रमात ४१ वे कलम अजून आहे. दंड तेवढा वाढला: पूर्वी ५०० रुपयांपर्यंत होता, २०१५ पासून १० लाखांपर्यंत. मामा मात्र अजूनही पहिला हप्ता तूच भर म्हणतात.